कापूस कालना, भाव आजना

पारोळ्याकडच्या एका जिनिंगला (कापसातून सरकी काढायचा कारखाना) मी काट्याचं सॉफ्टवेअर करून दिलेलं. ट्रॅक्टर काट्यावर चढला की भरलं वजन, कापूस खाली झाला की रिकामं वजन, मधे ओल किती ते टाकायचं, बटण दाबलं की काटापट्टी बाहेर. दोन सीझन निवांत गेले. मग डिसेंबरात एका सकाळी शेठचा फोन, लगेच या.

गेलो तर एक काका पट्टी धरून बसलेले. त्यांचा ट्रॅक्टर रात्री पावणेबाराला काट्यावर चढला, लाइनीतून खाली होईस्तोवर साडेबारा, आणि मुनीम उद्याचा भाव संध्याकाळीच भरून ठेवायचा, त्यामुळे पट्टीवर नवा भाव लागला, क्विंटलमागे ५० रुपये कमी. १८ क्विंटलचे ९०० गेले. "भाऊ, कापूस कालना, मंग भाव आजना कसा?" मी काय बोलणार.

बग दोन ओळींचा होता हो, भाव ट्रॅक्टर चढला त्या वेळेचा धरायचा तर मी खाली झाला त्या वेळेचा धरलेला, पण दुरुस्त झाला हे तपासू कसं? मी सगळं त्या एका बटणात कोंबलेलं, वजन थेट काट्याच्या वायरीतून (सिरीयल पोर्ट), तारीख कॉम्प्युटरच्या घड्याळातून, तिथंच हिशोब, तिथंच प्रिंट. म्हणजे टेस्ट करायची तर भरलेला ट्रॅक्टर पाहिजे आणि रात्रीचे बारा वाजले पाहिजेत! टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा छोटा कोड, लिहायला बसलो तेव्हा डिझाइन कुठं कुठं चिकटलंय ते दिसायला लागलं. मग हिशोब वेगळा काढला, त्याला वजन, ओल आणि दोन्ही वेळा बाहेरून द्यायच्या, काट्यासाठी इंटरफेस, म्हणजे खरा-खोटा कुठलाही काटा लावता येईल असा सांधा, घड्याळासाठी पण एक, टेस्टमधे खोटा काटा नि खोटं घड्याळ. आता भर दुपारी धाब्यावर शेवभाजी खात मी मध्यरात्र करू शकतो, एक सेकंद पण लागत नाही.

आणि टेस्ट सोप्या झाल्या की हात शिवशिवतात ना, म्हणून ओलीच्या पण टाकल्या. सीसीआय, म्हणजे कापूस खरेदी करणारं सरकारी महामंडळ, ८ टक्के ओलीला पूर्ण हमीभाव धरते, १२ च्या वर माल घेत नाही, शेठनं पण पाया ८ चाच ठेवलेला, वर गेली की टप्प्यानं कट. ७.९ पास, ८.१ पास, बरोबर ८ ला फेल! 'पेक्षा जास्त' च्या जागी मी 'किंवा तेवढंच' लिहून ठेवलेलं, दोन वर्षं बिनबोभाट कट चाललेला.

शेठना सांगितलं. काकांचे ९०० त्यांनी तिथंच दिलेले, आता दोन सीझनच्या पट्ट्या काढायला लावल्या. मुनीम अजून माझ्याशी नीट बोलत नाही.