कोड वाचताना नजर कुठे जाते

आय ट्रॅकिंगच्या, म्हणजे नजरेचा माग घेण्याच्या तंत्राच्या, साहाय्याने कोडवाचनाचा अभ्यास करण्याच्या पद्धतीबद्दल मला जितके कुतूहल आहे, तितकाच तिच्या निष्कर्षांबाबत सावधपणाही वाटतो. या पद्धतीत डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकला जातो आणि बाहुलीचे केंद्र व डोळ्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा ठिपका यांच्या सापेक्ष स्थितीवरून पडद्यावर नजर कुठे आहे, याचा अंदाज बांधला जातो. वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही. तो एका जागी साधारण 200 ते 300 मिलिसेकंद थांबतो आणि मग उडी घेतो. या थांब्याला फिक्सेशन म्हणतात, आणि मजकूर टिपला जातो तो थांब्यांतच.

1990 मध्ये क्रॉस्बी आणि स्टेलोव्स्की या संशोधकांनी प्रोग्रामरना बायनरी सर्चचा (क्रमवार यादी दर वेळी निम्मी करत शोधण्याच्या पद्धतीचा) कोड वाचायला दिला, तेव्हा अनुभवी वाचकांची नजर कमेंटपेक्षा (कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपांपेक्षा) गुंतागुंतीच्या विधानांवर अधिक रेंगाळताना दिसली. 2015 मध्ये बुशयान आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले की नवशिकेसुद्धा कोड साध्या गद्याइतका सरळ क्रमाने वाचत नाहीत, आणि अनुभवी प्रोग्रामर तर त्याहूनही कमी. (त्या अभ्यासात अनुभवी सहभागी केवळ 6 होते, हे विसरू नये.) यामागचे कारण समजण्यासारखे आहे: फंक्शनचा कॉल दिसला की नजर त्याच्या व्याख्येकडे जाते, आणि लूपच्या (अट खरी असेपर्यंत पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) आत एखाद्या व्हेरिएबलची किंमत बदलली की अट पुन्हा तपासण्यासाठी वर परतते.

एखाद्या ओळीवर नजर बराच वेळ थांबली, तर ती ओळ कळली नाही म्हणून थांबली, महत्त्वाची वाटली म्हणून थांबली, की मनात दुसराच विचार चालू होता, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणून थांब्याच्या कालावधीपेक्षा नजर कोणत्या ओळीवरून कोणत्या ओळीवर गेली, हा क्रम मला अधिक बोलका वाटतो. कोड रिव्ह्यूवरील (दोष शोधण्यासाठी कोड तपासण्यावरील) 2006 च्या उवानो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातही क्रमच महत्त्वाचा ठरला: ज्यांनी आरंभी संपूर्ण कोडवरून नीट नजर फिरवली नव्हती, त्यांना दोष शोधायला अधिक वेळ लागला.

परंतु क्रमही निर्भेळ मिळत नाही. उपकरणाची चूक अर्ध्या अंशाची धरली, तरी 60 सेंटीमीटर अंतरावरून ती पडद्यावर सुमारे 5 मिलिमीटर होते, म्हणजे नेहमीच्या एडिटरमधील जवळजवळ एक ओळ. त्यातच प्रयोग लांबला की मोजमाप हळूहळू सरकत जाते. हे सरकलेले बिंदू योग्य ओळीवर परत बसवण्यासाठी जे अल्गोरिदम वापरले जातात, त्यांतील काही गद्यवाचनासाठी घडवलेले असून वाचक एकामागून एक ओळ वाचतो असे गृहीत धरतात. तेच कोडवर वापरले, तर वाचन सरळ आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर दुरुस्तीच्या टप्प्यावरच आत शिरते! त्यामुळे कोणताही शोधनिबंध वाचताना मी निष्कर्षाआधी ही दुरुस्ती कशी केली, तेच पाहतो.

याच अडचणीमुळे अनेक प्रयोगांत मोठ्या अक्षरांतला, एका पडद्यावर मावणारा छोटा कोड वापरला जातो. आयट्रेससारखी साधने आता एडिटरच्या आत राहून, स्क्रोल केले किंवा फाइल बदलली तरी, नजरेचा बिंदू नेमक्या ओळीशी आणि शब्दाशी जोडतात. पण बिंदूची मूळ अचूकता उपकरणाचीच असल्याने ओळीची संदिग्धता त्यांच्यातही शिल्लक राहते.