नकार कुणाच्या हितासाठी?

सिस्टिक फायब्रोसिस या घट्ट कफ साचवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या ज्या रुग्णांच्या फुफ्फुसांत बर्कहोल्डेरिया सेनोसेपेशिया हा बहुतेक प्रतिजैविकांना दाद न देणारा जिवाणू ठाण मांडून बसतो, त्यांना अनेक फुफ्फुस-प्रत्यारोपण केंद्रे नाकारतात; टोरांटोसारखी मोजकी केंद्रे मात्र त्यांना स्वीकारत आली आहेत. नकाराला आधार आहे: दोन्ही फुफ्फुसे बदलली तरी जिवाणू श्वासनलिकेत आणि सायनसमध्ये उरतो, आणि नवा अवयव टिकावा म्हणून प्रतिकारशक्ती दाबताच तो रक्तात पसरू शकतो. दात्यांची फुफ्फुसे अपुरी असताना यशाची शक्यता तपासणे मला गैर वाटत नाही. खटकते ते वेगळेच. अमेरिकेत शस्त्रक्रियेनंतर वर्षभर जगलेल्या रुग्णांचे प्रमाण केंद्रनिहाय जाहीर होते. जोखमीचा रुग्ण दगावला तर केंद्राचा हा आकडा घसरतो. त्यामुळे नकार रुग्णासाठी की आकड्यांसाठी, हे त्याला कसे कळावे? निदान कारण लेखी द्यावे आणि स्वीकारणाऱ्या केंद्राचे नाव तरी सांगावे.