फुलं घ्यायची, पण आधी मंडईत जाऊन

घरात डोहाळजेवण असू दे नाहीतर चार माणसं जेवायला येणार असू देत, टेबलावर मधोमध काहीतरी ठेवायचं म्हटलं की मी आता आधी इथल्या, कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मार्केटला भाजीला जाते आणि फुलांचं नंतर बघते. कारण मी भाजी आणि फुलं एकत्रच सजवते, आणि फुलं कुठली घ्यायची हे भाजी ठरवते. चकचकीत जांभळी वांगी मिळाली तर पिवळी शेवंती, कारली मिळाली तर पांढरा निशिगंध. लाल मिरची आणि केशरी झेंडू मात्र एकत्र नको, दोघंही एकदमच ओरडतात.

हे फॅड परदेशातनं आलंय असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. माझं माहेर सावंतवाडीचं, आमच्याकडं गणपतीच्या डोक्यावर माटवी म्हणजे लाकडी चौकट बांधतात, तिला काकड्या, दोडके, सुपारीचे घड, रानातली फुलं सगळं टांगलेलं असतं. इकडं घाटावर शाकंभरी पौर्णिमेला देवीपुढं भाज्यांची आरास असते, आणि कोल्हापुरात तर ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कोहळ्याचाच मान. म्हणजे देवाला चालतं आणि पाहुण्यांना चालत नाही असं कसं?

तर माझी आवडती आयडिया शेवग्याची. रिकामा पत्र्याचा डबा घ्यायचा, त्याला दोन जाड रबरबँड लावायचे, शेंगा डब्यापेक्षा बोटभर उंच राहतील अशा सारख्या कापायच्या आणि एकेक करून रबराच्या आत उभ्या खोचत जायच्या, चिकटून चिकटून, पत्रा अजिबात दिसता कामा नये. वरनं रबर झाकायला सुतळी. आत पाणी आणि फुलं. शेंगा बाहेर कोरड्याच राहतात, त्यामुळं दुसऱ्या दिवशी आमटीत. शेवगा महाग असेल तेव्हा भेंडी, पण भेंडी लवकर मलूल होते, सकाळी केलेलं संध्याकाळपर्यंतच.

दुसरा प्रकार सोपा आहे, काचेच्या मोठ्या बरणीत छोटा ग्लास ठेवायचा, मधल्या फटीत लिंबं नाहीतर हिरव्या मिरच्या भरायच्या आणि पाणी फक्त आतल्या ग्लासात. लिंबाच्या चकत्या पाण्यात टाकून फोटो छान येतो खरा पण दुसऱ्या दिवशी ते पाणी गढूळ होतं. डांगर भोपळा पोखरून फुलदाणी करायची असेल तरी आत स्टीलची वाटी ठेवाच, ओला गर लगेच सुटायला लागतो.

फुलवाले जो हिरवा स्पंज देतात ना, तो मी घेत नाही. ते फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं प्लास्टिक, चुरा होतो पण कुजत नाही. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२१ पासून आपल्या शोमध्ये तो बंदच केला. त्याऐवजी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी चुरगाळून भांड्यात बसवली की देठं मस्त धरून राहतात. छोटी वांगी उभी करायला खराट्याचे हीर, धुऊन घेतलेले. टोचलेलं वांगं मात्र आतनं काळं पडतं, ते त्याच रात्री भरून टाकायचं.

आणि फिलरसाठी, म्हणजे फुलांमधली जागा भरायला, जिप्सीची बारीक पांढरी फुलं विकत घेऊ नका राव! फुलावर आलेली कोथिंबीर मागा. पांढरी बारीक फुलं, हलकासा वास, आणि भाजीवाल्या मावशी ती बाजूलाच काढून ठेवतात. मी पहिल्यांदा मागितली तेव्हा मावशी म्हणाल्या, "अगं ही जून झालीया, चटणीलाबी चालायची न्हाई, काय करणार हिचं?" आता मी दिसले की आवाज देतात. शेपूचे पिवळे तुरे, मुळ्याची फुलं पण अशीच मिळतात.

काही गोष्टी मात्र पाळायच्याच. पिकलेले टोमॅटो, केळी फुलांजवळ नकोत, त्यांच्यातनं इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशनसारखी फुलं त्यानं लवकर मिटतात, हिरवट टोमॅटो चालतील. पाण्यात बुडणारी पानं काढायची, देठ तिरका कापायचा. फुलांवर, विशेषतः पॉलिहाऊसच्या गुलाब-जरबेऱ्यावर औषध मारलेलं असतं, म्हणून फुलांच्या पाण्यात भिजलेली भाजी खायची नाही, सरळ कंपोस्टात. कण्हेर तर टेबलावर आणूच नका, विषारी असते. कोबी-फ्लॉवर दिसायला भारी, पण बंद खोलीत रात्रभर ठेवले तर सकाळी वास येतो.

आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, सुरुवातीला हे पटत नव्हतं, "भाजी हाय का हार?" असं विचारायच्या. हल्ली वांग्यांना तेलाचं बोट लावून पुसायचं काम त्यांनीच घेतलंय, आणि कुठलं वांगं पुढं ठेवायचं हेही त्याच सांगतात.

उंचीचं सांगायचं राहिलं. समोर बसलेल्याचं तोंड दिसलं पाहिजे, म्हणजे वीतभर, त्यापेक्षा उंच नको. रुंदीला पण आवर घाला, कारण तांबडा आला, पांढरा आला, सुकं आलं, दह्यातला कांदा आला की टेबलावर लिंबू ठेवायला जागा उरत नाही, आणि मग पहिल्यांदा उचलून फ्रीजवर जातं ते हेच.