तुम्ही विचारलंत म्हणून : गाडीत काय लावता हो?

आमची लेक साडेचार वर्षांची आहे आणि आम्ही वर्षातून किमान दोनदा ठाण्याहून कुडाळला गाडीने जातो, हे ज्यांना ज्यांना माहितीये ते सगळे मला एकच विचारतात. शाळेच्या गेटवर विचारतात, लिफ्टमध्ये विचारतात, गेल्या महिन्यात तर एका लग्नात हातात मठ्ठ्याचा ग्लास असताना एका बाईंनी बाजूला घेऊन विचारलं, की अगं तुम्ही दहा-बारा तास गाडीत काय लावता, आमच्याकडे ती यूट्यूबची गाणी ऐकून नवऱ्याचं डोकं फिरायची वेळ आलीय. म्हणजे मुलालाही आवडेल आणि आपल्यालाही ऐकवेल असं काही आहे का. तर आहे. भरपूर आहे. पण आम्हालाही ते सापडायला वेळ लागला, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

सुरुवात आमचीही वाईटच होती. लेक दोन वर्षांची असताना वडखळपासून महाडपर्यंत आम्ही 'व्हील्स ऑन द बस' एवढं एकच गाणं ऐकलंय, त्यात कीबोर्डचा तो एकच ठेका आणि पत्र्याच्या डब्यातून यावा तसा आवाज, आणि बंद केलं की मागून भोकाड. महाडला चहाला थांबलो तेव्हा नवरा म्हणाला, मी परत एसटीने येतो. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की त्रास गाणं लहान मुलांचं आहे याचा नाहीये, त्रास ते परत परत ऐकायचा आहे. मूल एकदा ऐकून थांबत नाही. ते अकरा वेळा ऐकतं. मग गाणं निवडताना बघायचं ते हेच, की अकराव्या वेळेला त्यात मला काही शिल्लक राहतंय का? या एका परीक्षेत यूट्यूबवरची निम्म्याहून जास्त गाणी जागच्या जागी नापास होतात, करून बघा.

आता पास होणाऱ्यांबद्दल. 'नाच रे मोरा' तुम्हाला माहितीये, मलाही माहिती होतं, म्हणूनच मी ते लावत नव्हते, आपल्याला वाटतं काय ते नेहमीचंच. 1953 सालच्या 'देवबाप्पा' सिनेमातलं गाणं, शब्द गदिमांचे, चाल पुलंची, आणि गाणाऱ्या आशाबाई तेव्हा जेमतेम विशीच्या. एका ट्रिपला काहीच सुचेना म्हणून लावलं, आणि चिपळूणच्या आसपास पाचव्या की सहाव्या वेळेला मागून प्रश्न आला, आई, कापूस पिंजला म्हणजे काय? ढगांशी वारा झुंजला आणि काळा काळा कापूस पिंजला, असं आहे ना त्यात. मी लहान असताना आमच्या गल्लीत गादीवाला यायचा, ते धनुष्यासारखं लांबलचक यंत्र खांद्यावर घेऊन, त्याची तार छेडत, तो टँव टँव आवाज आला की आई जुन्या गाद्या बाहेर काढायची आणि मग अंगणभर कापूस उडायचा. हे सगळं मी तिला सांगत बसले आणि सांगता सांगता मलाच कळलं की पावसाळी आभाळ बघून त्या माणसाला पिंजाऱ्याचा कापूस आठवला, केवढी मोठी गोष्ट आहे ही, आणि मी तीस वर्षं ती नुसती तोंडाने म्हणत होते.

त्याच्यापुढची गंमत सासूबाईंची. त्याच गाण्यात पुढे झाडांची 'इरली' भिजतात. खरं सांगते, मला इरली म्हणजे काय हे माहिती नव्हतं, मला वाटायचं यमक जुळवायला टाकलेला काहीतरी शब्द असेल. लेकीने विचारल्यावर मी हमखास ठोकून दिलं, इरली म्हणजे पानं. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "अगो, इरलां म्हायत नाय तुका?" आणि मग हातखंब्यापर्यंत आम्हाला इरलं शिकवलं त्यांनी. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात पानं घट्ट बसवलेली, डोक्यावरून पाठीवर गुडघ्यापर्यंत येणारं, भाताची लावणी करताना बाई वाकलेली असते ना, तर पाठीवर पाऊस पडला तरी पाठ कोरडी आणि दोन्ही हात मोकळे. त्यांच्या लहानपणी त्यांच्या आईकडे होतं, नंतर प्लास्टिकच्या खोळी आल्या आणि इरली गेली. म्हणजे त्या ओळीत झाडं नुसती भिजत नाहीयेत, झाडं इरली घेऊन शेतात उभी आहेत बायकांसारखी! मी गाणं परत लावलं. या वेळी लेकीने सांगितलं नव्हतं.

तर माझा मुद्दा कळला असेल. त्या काळात मुलांचं गाणं हे दुय्यम काम आहे असं समजून कोणी करत नव्हतं, जे लोक मोठ्यांची गाणी करायचे तेच पूर्ण जीव लावून मुलांची करायचे, वादकही तेच. म्हणून ते टिकतं.

मीना खडीकरांनी चाल दिलेली गाणी याच खात्यातली, आणि तिथे तर प्रत्यक्ष लहान मुलंच गायलीयत, बाळबोध आवाज काढणारी मोठी माणसं नाहीत. (मोठ्या बाईने बोबडं बोलत म्हटलेलं बालगीत मला दोन मिनिटंसुद्धा सहन होत नाही, हा माझा वैयक्तिक दोष समजा.) पाडगांवकरांचं 'सांग सांग भोलानाथ' घ्या. लेकीला त्यातला चोरून लाडू खाण्याचा बेत आवडतो, कारण तिचाही तोच असतो. आणि मला? जुलैत रात्रभर पाऊस कोसळत असतो, सकाळी सहाला आमचे सगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागे असतात, शाळेला सुट्टी जाहीर झाली का हो, झाली का, आणि त्यात मुलांपेक्षा आईबापांचा जीव जास्त अडकलेला असतो कारण लोकल बंद पडली तर ऑफिसही वाचणार असतं. शाळेभोवती तळं साचून सुट्टी मिळेल का, हा प्रश्न छत्तिसाव्या वर्षी मी जास्त मनापासून विचारते. आठवड्यातून तीन रविवारांची मागणी तर काय, युनियनचीच वाटते. राजा मंगळवेढेकरांचा 'चॉकलेटचा बंगला' लागला की नवरा दर वेळेस म्हणतो, याला लोन कोण देतं ते विचार. दर वेळेस. गाणं अकरा वेळा टिकतं, विनोद टिकत नाही.

नवीन काही नाहीच असं नाही हं. सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांचं 'अग्गोबाई ढग्गोबाई' आमच्याकडे भरपूर वाजतं, त्यात शब्दांची मस्ती आहे आणि वाद्यं नीट ऐकू येतात. त्याच दोघांचं 'दमलेल्या बाबाची कहाणी' मात्र जपून लावा. आमच्याकडे मी ते एकदा रात्री घाटात लावलं आणि गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं. लेक झोपली होती, प्रश्न गाडी चालवणाऱ्याचा होता.

हिंदीतलं फार सांगत बसत नाही. गुलजारांचं 'लकड़ी की काठी' आहेच, आणि दूरदर्शनच्या जंगल बुकचं, चड्डी घालून फूल उमलतं ते. चड्डी हा शब्द गाण्यात येतो यापेक्षा मोठा आनंद साडेचार वर्षांच्या माणसाला नसतो.

पण आमच्या गाडीतला खरा हिट आयटम स्पीकरवर वाजतच नाही. भोंडल्याची गाणी. तुम्ही म्हणाल ती काय मुलांची गाणी आहेत का, त्यात सासू, सून, माहेर, जाच. तेच तर! 'कारल्याचं बी पेर गं सूनबाई' घ्या. सासू म्हणते बी पेर, मग जा माहेरा. सून बी पेरते आणि म्हणते आता तरी धाडा. सासू म्हणते कोंब येऊ दे. मग वेल, मग फूल, मग कारलं, मग भाजी, प्रत्येक वेळी सासूची नवीन अट. मुलांना हे प्रचंड आवडतं कारण पुढे काय येणार हे त्यांना अर्धं माहिती असतं आणि अर्धं नसतं. आमच्याकडे सासूच्या ओळी सासूबाई म्हणतात आणि सुनेच्या मी, चालत्या गाडीत, आणि लेक पंच. मागच्या गणपतीला सासूबाईंनी आपल्या मनाने अटी वाढवल्या, कारल्याची भाजी डब्यात भर, डबा घासून ठेव, घासणी बदल, घासणी किती जुनी झालीय बघ. घासणीचा विषय आमच्यात खरोखर चालू होता तेव्हा. नवरा आरशात बघायचं टाळत होता. लेकीने निकाल दिला की आईने माहेरी जावं पण तिला घेऊन.

फसलेलेही प्रयोग आहेत. एका फार मोठ्या गायकांचा अभंग मी मोठ्या श्रद्धेने लावला होता, म्हटलं कान तयार होतील, तर मागून विचारणा झाली की हे आजोबा का ओरडतायत आणि त्यांना कोणी पाणी का देत नाहीये. बंद केला. पण मग चुकून मालिनी राजूरकरांचा एक तराणा लागला आणि लेक खिदळायलाच लागली. तराण्यात अर्थाचे शब्द नसतातच ना, तोम तनन, दिर दिर, तेच बोल फिरत राहतात आणि लय वाढत जाते. तिच्या मते त्या आजी बडबडगीत म्हणत होत्या. विचार केला तर अडगुलं मडगुलं आणि दिर दिर तोममध्ये तसा काय मोठा फरक आहे? त्या आजी पास झाल्या, अकरापेक्षा जास्त वेळा.

एक कामाचं सांगते, कारण इथेच सगळे फसतात. नुसतं 'मराठी बालगीते' असं शोधू नका. तसं शोधलं की जुन्याच गाण्यांवर नवीन कीबोर्ड चढवलेली व्हिडिओवाली व्हर्जन्स येतात, मोर नाचतोय, मोराला पापण्या आहेत, आणि तीन गाण्यांनंतर आपोआप परत 'जॉनी जॉनी' सुरू. गाण्याबरोबर गायकाचं, सिनेमाचं किंवा संगीतकाराचं नाव टाका, मूळ रेकॉर्डिंग येतं. पाच-सहा निवडून स्वतःची यादी करून ठेवा, आणि फोन पालथा. चित्र दिसायला लागलं की कापूस पिंजणं वगैरे कोणी विचारत नाही.

आणि हे वाचून आमच्याकडे फक्त गदिमा आणि तराणे चालतात असं समजू नका प्लीज. 'बेबी शार्क' आहे. ते सगळ्यांकडेच आहे, 2016 साली आलं आणि चार वर्षांत यूट्यूबवर जगात सगळ्यात जास्त बघितलेला व्हिडिओ झालं, त्यापुढे मी कोण. आमचा करार आहे, एका प्रवासात तीनदा, त्यावर नाही. मेमध्ये आम्ही कणकवली सोडली आणि लेकीने तिसरा हप्ता मागितला. मी लावलं. आजी शार्कचं कडवं आलं तशा सासूबाई सावरून बसल्या, हात मोठे करून त्यांनी दातांशिवाय जबडा करून दाखवला, जोरात डू डू म्हटलं, पूर्ण गाणं संपेपर्यंत थांबल्या आणि मग मला म्हणाल्या, आई आहे, बाबा आहे, आजी-आजोबा आहेत, यात सून कुठेय गं?