यात लोणी कुणी घातलं?

रविवारी भाचा पणजीहून फोंड्याला आला तो दोन बाटल्या घेऊनच. दोन्ही शार्डने द्राक्षाच्या पांढऱ्या वाइन, एक फ्रान्समधल्या शाब्लीची, एक कॅलिफोर्नियाची. 'मामा, बोटीवर बारा वर्षं हेच ओतलंस ना? आता आम्हाला ओत.'

घरात तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं होतं, ओलं खोबरं घातलेलं. आधी शाब्ली उघडली. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, आणि जिभेच्या कडा आवळणारा आंबटपणा. शाब्ली फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, पार उत्तरेला. थंडीमुळे द्राक्ष पिकलं तरी आंबटपणा सोडत नाही. तिथल्या चुनखडीच्या मातीत कालवांचे बारीक जीवाश्म सापडतात. त्यांचीच चव वाइनला लागते, असं बोटीवर आम्ही पाहुण्यांना रंगवून सांगायचो. शिंपला काही मुळांतून वर चढत नाही! तिसऱ्यांशी तिचं जमलं ते वरून लिंबू पिळल्यासारखं झालं म्हणून.

मग दुसरी. रंग पिवळाधमक, वास पिकल्या अननसाचा, आणि आमच्या हिने पहिल्याच घोटाला विचारलं, 'यात लोणी कुणी घातलं?'

कुणीच नाही. विरजणाचा प्रकार आहे तो. द्राक्षात मॅलिक आम्ल असतं, कच्च्या सफरचंदातलं. जिवाणू त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे दह्यातलं. आंबटपणा मवाळ होतो आणि त्या खटपटीत डायअसेटिल नावाचा पदार्थ तयार होतो. लोण्याचा वास त्याचा. शाब्लीतही हे बहुधा होऊ देतात, पण तिथे लोणी एवढं वर येत नाही. व्हॅनिला मात्र ओकच्या भाजलेल्या पिंपाचा. अमेरिकन ओक तर चक्क खोबऱ्याचा वास देतो, आणि आमच्या पानात खोबरं आधीच होतं.

'म्हणजे फ्रेंच तेच भारी,' भाचा म्हणाला. तसं कसं? बर्गंडीतच जरा दक्षिणेला म्यर्सो गावाला जा, तिथेही ओकची पिंपं आणि लोण्याचा वास आहेच. शिवाय 1976 साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनीच फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नाव झाकून चाखल्या, तेव्हा पांढऱ्या वाइनमध्ये पहिली आली ती कॅलिफोर्नियाच्या शातो माँतेलेना या वायनरीची 1973 ची शार्डने.

तरी माझ्या जिभेचं ऐकाल तर आपल्या तिखटाला ओक सोसत नाही. मिरची आणखी पेटते. शाब्ली तासाभरात संपली, दुसरी अर्धी फ्रीजच्या दारात उभी आहे. उद्या कोंबडी भाजायची आहे, मिरची बेताची घालून. ही म्हणते, लोणी वेगळं लावायला नको.