तीस मिलीच्या बाटलीत नेमकं किती?

मुलगी सहा वर्षांची, वजन १६ किलो, निदान लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोम, म्हणजे लहान मुलांतला औषधांना सहज न जुमानणारा अपस्मार, फिट्सचा आजार. झटक्यांवर चालू औषधं तीन: सोडियम व्हॅलप्रोएट सिरप (५ मिलीत २०० मिलिग्रॅम) सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिली, लेव्हेटिरासिटाम ३ मिली दोनदा, क्लोबाझाम ५ मिलिग्रॅमची गोळी दोनदा. तक्रार: दिवसभर गुंगी, तोंडातून लाळ, चालताना तोल जातो, जेवण सुटलंय. एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास झाला की रक्तात चढणारा आकडा, १६८, बराच चढलेला; काविळीचा आकडा बिलिरुबिन मात्र ०.६, ठीक. आणि याच काळात एकदम कोसळण्याचे झटके मात्र निम्म्याहून कमी झालेले.

झटक्यांचं केसपेपरवर नव्हतं, ते वडिलांच्या वहीत होतं. केसपेपरवर रेसिडेंटने ‘गुंगी, औषधांचा डोस तपासा’ एवढंच लिहून माझ्याकडे, म्हणजे औषध विभागाकडे, पाठवलं होतं. डोस तर वजनाप्रमाणे बरोबर होते.

अशा वेळी ‘दुसरं काही औषध चालू आहे का?’ असं विचारायचं नसतं. त्याला उत्तर ‘नाही’ असंच येतं. काढा, पुडी, भस्म, तेल, अंगारा, असं एकेक नाव घेऊन विचारावं लागतं. ‘तेल’ म्हटल्यावर आई गप्प झाली आणि आजी म्हणाल्या, “ते औषध नाही जी मॅडम. झाडपाल्याचं तेल आहे. पोरीले गुण आला त्यानं.”

उमरेडकडचं हे कुटुंब. पिशवीतून काळी काचेची बाटली निघाली, ३० मिलीची, ड्रॉपरवाली. लेबलवर: विजया पत्र अर्क ३००० मिलिग्रॅम, आधार तिळाचं तेल. विजया म्हणजे भांग-गांजाचं झाड, पत्र म्हणजे त्याचं पान. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही ओळ. सगळं रीतसर. ऑनलाइन सल्ला, मग चिठ्ठी, मग कुरिअर. पालकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी ‘आम्ही पूर्ण ड्रॉपर देतो’ लिहिलं होतं, म्हणून यांनीही १ मिली दोनदा सुरू केलं.

बाहेरच्या माणसाला ३००० हा आकडा भरघोस वाटतो. पण तो अर्काचा आहे. अर्कात कॅनाबिडिऑल म्हणजे सीबीडी किती, नशा आणणारं टीएचसी किती, हे लेबलवर कुठेच नाही. एका मिलीत १०० मिलिग्रॅम अर्क, दिवसाला २ मिली, म्हणजे २०० मिलिग्रॅम. आता समजा अर्कात ६० टक्के सीबीडी आहे: १२० मिलिग्रॅम, किलोमागे साडेसात. हा खराखुरा उपचाराचा डोस झाला. समजा ५ टक्केच आहे: १० मिलिग्रॅम, म्हणजे तिळाचं तेल पाजल्यासारखंच. आणि समजा टीएचसी १० टक्के निघालं: दिवसाला २० मिलिग्रॅम. डोळ्यांसमोर यावं म्हणून सांगते, हेच टीएचसी औषध म्हणून, ड्रोनाबिनॉल नावाने, मोठ्या माणसाला भूक वाढवायला देतात तेव्हा सुरुवात अडीच मिलिग्रॅम दोनदा अशी करतात. लेबल एकच, त्यावर तिन्ही शक्यता बसतात.

शुद्ध सीबीडीचं जे औषध अमेरिकेत जून २०१८ मध्ये याच आजारासाठी मंजूर झालं, एपिडायोलेक्स, त्याच्या मिलीत १०० मिलिग्रॅम सीबीडी असतं, अर्क नव्हे. १६ किलोच्या मुलीला ०.४ मिली दोनदा सुरू, आठवड्याने ०.८ मिली, कमाल १.६ मिली दोनदा. सुरू करण्याआधी यकृताच्या तपासण्या, मग एक, तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा. सोबत व्हॅलप्रोएट असेल तर एसजीपीटी चढण्याची शक्यता जास्त, हे त्याच्या माहितीपत्रकातच आहे. सोबत क्लोबाझाम असेल तर आणखी एक भानगड. क्लोबाझाम शरीरात मोडून नॉरक्लोबाझाम होतं, तेही झटके रोखतं आणि गुंगी आणतं; ते पुढे सीवायपी२सी१९ या एन्झाइमने साफ होतं, आणि सीबीडी नेमकं तेच एन्झाइम अडवतं. नॉरक्लोबाझाम रक्तात तिपटीच्या आसपास साचतं. गुंगी, लाळ, तोल जाणं, सगळं तिथून.

त्यात जेवणाची भर. सीबीडी चरबीत विरघळतं. भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर दिलं तर उपाशीपोटीपेक्षा चार-पाच पट जास्त शोषलं जातं. आजी तूप घातलेल्या वरणभातात कालवून द्यायच्या, आई सकाळी घाईत रिकाम्या पोटी. म्हणजे ड्रॉपर तोच, पण सकाळचा आणि रात्रीचा डोस वेगळा.

लघवीची टीएचसी कार्ड-चाचणी केली. पॉझिटिव्ह. शुद्ध सीबीडीने ती सहसा होत नाही, म्हणजे बाटलीत टीएचसी आहे एवढं कळलं. किती, ते कार्ड सांगत नाही. वडिलांनी कंपनीला फोन करून बॅचच्या तपासणीचं प्रमाणपत्र मागवलं. पीडीएफ आली, छान रंगीत आलेख, पण त्यावरचा बॅच क्रमांक बाटलीवरच्या बॅचशी जुळेना. जड धातू आणि उरलेलं द्रावक यांचे रकाने त्यात नव्हतेच. ही वनस्पती जमिनीतला कॅडमियम-शिसं ओढून घेते, म्हणून तो रकाना सीबीडीच्या आकड्याइतकाच बघायचा असतो.

रेसिडेंटने कार्ड पाहिलं आणि दोन गोष्टी एका दमात म्हणाला: “पोलीस केस करावी लागेल” आणि “तेल आजपासून बंद, क्लोबाझाम निम्मं.” मुलगा हुशार आहे, पण शिकवणीत कायदा भीतीपुरताच शिकवतात.

आधी दुसरी गोष्ट, कारण ती जास्त धोक्याची. तेल बंद केलं की एन्झाइम मोकळं होतं आणि साचलेलं नॉरक्लोबाझाम आपोआप उतरतं, हळूहळू, कारण त्याचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, तीन दिवसांच्या घरात असतं. त्याच वेळी गोळीही निम्मी केली तर औषध दोन्ही बाजूंनी तुटतं, आणि या आजारात तशा तुटण्यातून न थांबणारे झटके येऊ शकतात. न्यूरोलॉजिस्ट मॅडमनी एकच धागा सोडायचा ठरवला: क्लोबाझामला हात नाही, तेल दर चार दिवसांनी पाव मिलीने खाली, वेळ ठरलेली, जेवण ठरलेलं, दोन आठवड्यांनी एसजीपीटी. ड्रॉपर काढून घेतला आणि १ मिलीची सिरिंज दिली, ०.७५ ची खूण मार्करने करून. ड्रॉपरवर पाव मिली मोजता येत नाही, तेल काचेला चिकटून राहतं.

पोलीस केसबद्दल. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर. पत्र अर्क विकला जातो तो या फटीतून आणि आयुर्वेदाच्या परवान्यावर. पानं म्हणजे भांग, ती राज्याच्या अखत्यारीत, आपल्याकडे दारूबंदी कायद्यात येते. तेलाकडे बघून ते पानाचं की शेंड्याचं, कुणालाच सांगता येणार नाही. पण परवाना, चिठ्ठी आणि बिल हातात असलेल्या आईबापाला ठाण्याचा धाक दाखवायचा, हा कुठला उपचार? पुढच्या वेळी ते बाटली दाखवणारच नाहीत.

नागपूर स्टेशनवर गाडीत गांजा सापडल्याची बातमी आली की कायदेशीर करावा की नाही, हा वाद पुन्हा पेटतो. एका बाजूला शिवशंकराची बुटी, दुसऱ्या बाजूला बरबाद पिढी. त्याच कायद्याच्या आठव्या कलमात वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणाचा अपवाद पहिल्यापासून आहे, याची दोन्ही बाजूंना खबर नसते. २ डिसेंबर २०२० ला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने या वनस्पतीला सर्वांत कडक यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी काढलं, तेव्हा भारताचं मत काढण्याच्या बाजूने होतं, हेही. दार अर्धं उघडंच आहे. आत कोण काय घेऊन येतंय, ते मोजायला मात्र दारात कुणी नाही.

असह्य वेदनांवरच्या मॉर्फिनचं उलटं झालं. ते औषध म्हणून कधीच बंद नव्हतं, पण कागदांच्या धाकाने दुकानांतून आणि वॉर्डांतून नाहीसं झालं. याच कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांचा रस्ता सोपा केला. आमच्या कपाटाला दोन कुलपं आहेत, १० मिलिग्रॅमची प्रत्येक गोळी वहीत चढते आणि उतरते, शिल्लक जुळली नाही तर पाळी संपत नाही. चिडचिड होते, पण गोळीत १० म्हणजे १० असतं. तेलाला यातलं निम्मं लावलं तरी मला पुरे: लेबलवर मिलीमागे सीबीडी आणि टीएचसी मिलिग्रॅममध्ये, आणि त्याच बॅचचं प्रमाणपत्र.

दोन आठवड्यांनी एसजीपीटी ७१. लाळ थांबली, तोल सावरला, मुलगी चिवडा मागून खायला लागली. झटके थोडे वाढले. आणि मला अजून उलगडत नाही ते इथेच. झटके सीबीडीने कमी झाले होते, की साचलेल्या नॉरक्लोबाझामने? युरोपात २०१९ मध्ये शुद्ध सीबीडीचं तेच औषध या आजारासाठी मंजूर झालं ते क्लोबाझामच्या जोडीनेच, म्हणजे प्रश्न एकटीच्या डोक्यातला नाही. बाटलीत किती होतं ते माहीत असतं तर निदान हिच्यापुरता अंदाज बांधता आला असता.

आजींचा राग गेलेला नाही. “गुण देत होतं तेच बंद केलं तुम्ही,” म्हणाल्या. वडिलांनी विचारलं, “मग ज्याच्यावर आकडा लिहिलाय ते कुठं भेटते?” मी त्यांना स्वतःच्या रुग्णासाठी औषध बाहेरून मागवायचा फॉर्म १२ए दाखवला आणि अमेरिकेतली किंमतही सांगितली: बाजारात आलं तेव्हा वर्षाला सुमारे साडेबत्तीस हजार डॉलर. त्यांनी फॉर्म घडी करून परत दिला. तेल पूर्ण सुटल्यावर पुन्हा तपासणी करून रात्रीचं क्लोबाझाम पाचावरून साडेसात मिलिग्रॅम करायचं, असं मॅडमनी लिहून ठेवलंय. दीड गोळी, म्हणून गोळी कापायचं कटर मी सिरिंजबरोबरच देऊन टाकलं.