एमजीबी रोडस्टरची किंमत काढताना : सिलपर्यंतची नोंद

गाडी एमजी या ब्रिटिश कंपनीची, १९७० ची, क्रोम बंपरची, १७९८ सीसी, वायर (तारांच्या आऱ्यांच्या) चाकांची. ओळख पटवून झाली, पत्रा तपासून झाला, विक्रीच्या नोंदी निम्म्या जमल्या. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारी जोडणी) आणि टप (दुमडतं छप्पर) बाकी.

ओळख आधी, कारण ती चुकली तर पुढचं सगळं मोजमाप वाया. बॉनेटखालच्या पाटीवरचा क्रमांक जीएचएन ५ ने सुरू होतो. यातला जी म्हणजे एमजी, एच म्हणजे १४०० ते १९९९ सीसीचं इंजिन आणि एन म्हणजे दोन सीटांची उघडी गाडी. याच गाडीच्या जीटी कूपेवर, म्हणजे पत्र्याच्या पक्क्या छपराच्या प्रकारावर, एनच्या जागी डी असतो. उघड्या गाडीला सहसा कूपेपेक्षा भाव जास्त, त्यामुळे छप्पर कापून ‘रोडस्टर’ केलेल्या जीटी निघतात. पाटी स्क्रूने बसते, म्हणजे बदलताही येते. म्हणून समोरची काचही पाहा : जीटीची काच रोडस्टरपेक्षा उंच असते. इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळणाऱ्या दाखल्यात बांधणीची तारीख, मूळ रंग, इंजिन क्रमांक आणि गाडी कुठे पाठवली होती ते येतं. इंजिन बदललेलं निघालं तरी या मॉडेलमध्ये किंमत फार कापू नका. तेव्हा जुनं इंजिन देऊन दुरुस्त केलेलं घेण्याची पद्धतच होती. रंग बदलला असेल तर मात्र दाराच्या कडा, डिकी आणि डॅशबोर्डमागचा पत्रा बघून ठरवा. वरवर मारलेला रंग तिथे उघडा पडतो.

आता खरा मुद्दा. एमजीबीला वेगळी चासी नाही आणि रोडस्टरला पत्र्याचं छप्परही नाही. मधला सगळा ताण दोन सिल (दारांखालचे पत्र्याचे पोकळ पट्टे) आणि मधला बोगदा (दोन सीटांमधला उंच पत्रा) झेलतात. सिलमध्ये बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि खालचा घडीचा भाग असे थर असतात. पुढच्या चाकामागे मडगार्डात चिखल साचतो आणि गंज तिथून आत शिरतो. बाहेरचा पत्रा नवा चढवून आतला सडका तसाच ठेवला, तर गाडी चकाकते, पण मधून बसते. गाडीची किंमत रंगात नाही, सिलमध्ये आहे.

तपासणी अशी. गाडी सपाट जमिनीवर, टप खाली. दाराच्या मागच्या कडेची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वर आणि खाली मोजायची. मग दोघांना सीटवर बसवून पुन्हा मोजायची. मधला भाग खाली बसला की फट वरून आवळते आणि खालून उघडते. या गाडीत डाव्या बाजूला वर ४, खाली ४.५ मिमी, माणसं बसल्यावर बदल नाही. उजवीकडे वर ३, खाली ६, आणि माणसं बसल्यावर वरची फट २ वर आली. दार बिजागरीवर सरकवून फट ‘सुधारता’ येते, म्हणून रिकाम्या गाडीतल्या एका मापावर विसंबू नका. उजव्या सिलवर चुंबक फिरवला तर मागच्या चाकापुढे वीतभर जागी पकडच नाही. तिथे पत्र्याऐवजी पुटी भरलेली आहे. सिल कापताना दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्डिंगच्या तात्पुरत्या टाक्यांनी जोडून आधार दिला नाही, तर गाडी वाकडीच वेल्ड होते. विकणाऱ्याकडे त्या कामाचे फोटो असतील तर ते पाहाच.

सीटमागचं झाकणही उचला. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत तिथे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, आणि ॲसिडने त्यांचे खण सडतात. इथे एक खण नवा, एक जुना पण घट्ट. वायर चाकांसाठी हँडब्रेक लावून मागचं चाक उचललं आणि हाताने पुढेमागे फिरवलं. ‘टक्’ आवाज आला तर हबचे (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचे) दाते झिजलेले. इथे आवाज नाही. गरम इंजिनात चालताना ऑइल प्रेशर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि आयडलला १० ते २५ हवं. चालताना ५५, आयडलला १८ मिळालं.

भावासाठी फक्त झालेले सौदे धरतो. जाहिरातीतली मागणी म्हणजे विकणाऱ्याची आशा. लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराचं कमिशन आहे की नाही ते प्रत्येक नोंदीपुढे लिहा, नाहीतर दोन प्रकारचे आकडे एकाच रकान्यात बसतात आणि सरासरी फसते. विम्याची ठरलेली रक्कमही यात धरू नका. क्रोम बंपर आणि १९७४ च्या अखेरीस आलेले रबर बंपर वेगळे ठेवायचे, स्टिअरिंगची बाजूही वेगळी.

आमचा हिशोब : चांगल्या स्थितीतल्या तशाच गाडीचा सौदा धरायचा, त्यातून उजव्या सिलच्या पूर्ण कामाचं लेखी कोटेशन वजा करायचं आणि पत्रा कापल्यावर निघणाऱ्या गंजासाठी त्या कोटेशनचा आणखी तिसरा हिस्सा वजा करायचा. जुन्या मालकाने रंगावर किती घातले याची बेरीज कुठेच करायची नाही.

पुढच्या खेपेला : तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये ओव्हरड्राइव्ह लागतो का, आणि टपाची मागची पारदर्शक काच व शिवण.